कबर उकरली, पोलिसांनी नुसती एन.सी. घेतली

प्रश्न : नागपुरातील एका ख्रिस्ती दफनभूमीत माझ्या वडिलांची कबर आहे. शेजारच्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्या ठेकेदाराने भिंतीच्या पायासाठी जेसीबी आत घातला आणि कबरीवरचा क्रूस मोडला. मी हरकत घेऊनही दुसऱ्या दिवशी खोदकाम चालूच राहिले, हाडे वर आली आणि मजुरांनी ती सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून ठेवली. पोलिसांनी एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. दफनभूमीची समिती अवशेष दुसरीकडे पुरण्यासाठी संमतीपत्रावर माझी सही मागत आहे. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, त्या संमतीपत्रावर सही करू नका. अवशेष सन्मानाने पुन्हा पुरले जावेत, ही आपली तळमळ मी समजू शकतो. परंतु पंचनामा आणि छायाचित्रे होण्याआधी ते पुरले गेले, तर आपला सर्वांत मोठा पुरावाच मातीआड जाईल.

पोलिसांनी एन.सी. घेऊन आपली बोळवण करणे कायद्याला धरून नाही. दफनभूमीत अतिक्रमण करणे किंवा मृतदेहाची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करायचा असतो) असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम २९७ लागू होते. आशय तोच आहे.

खरा वाद ठेकेदाराच्या हेतूवर होईल. ‘कबर आहे हे ठाऊक नव्हते’, असे तो म्हणेलच. मात्र या कलमाला भावना दुखावण्याचा हेतूच लागतो असे नाही. आपल्या कृत्याने कोणाच्या भावना दुखावण्याचा संभव आहे, याची जाणीव असणेही पुरेसे आहे. पहिल्या दिवशी त्याची सबब कदाचित टिकेल, पण आपण हरकत घेतल्यानंतर त्याने काम पुढे चालवले, तेथे ती टिकणे कठीण आहे, आणि म्हणूनच आपली हरकत ज्यांनी ऐकली त्यांची नावे, त्या दिवशीचे फोन आणि व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. ठेकेदाराला समितीने परवानगी दिली होती का, हेही समितीला लेखी विचारा, कारण तशी परवानगी असल्यास अतिक्रमणाचा मुद्दा अवघड होईल आणि विटंबनेच्या मुद्द्यावर अधिक भर द्यावा लागेल.

ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) नुसार तीच तक्रार टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा आणि तरीही दखल घेतली गेली नाही, तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. न्यायालयाने या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे. समितीशी बोलणी करण्यात ती निघून जाऊ देऊ नका.

खोदकाम अजून चालू असेल, तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम स्वतंत्रपणे मागावा लागेल, कारण फौजदारी तक्रारीने जेसीबी आपोआप थांबत नाही. त्या अर्जासोबत कबरीची नोंद, दफनाची पावती आणि क्रूस शाबूत असतानाचे एखादे जुने छायाचित्र जोडा.