संगणक म्हणतोय ८४ टक्के तुम्हीच, मग आता काय करायचं?

आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मेसेज करणाऱ्यांचं वय २७, नाइट शिफ्टची नोकरी. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे एका बाईंच्या गळ्यातली चेन बाईकवरून आलेल्या दोघांनी ओढून नेली, त्याचं सीसीटीव्ही फुटेज पोलिसांनी चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि यांचा जुना फोटो ८४ टक्के जुळला. व्हॉट्सॲपवर नोटीस आली, सोबत फुटेजमधला फोटो. हे लिहितात, "मॅडम मी त्या वेळी ऑफिसात होतो, पण फोटो बघून मला स्वतःलाच क्षणभर वाटलं की हा मीच आहे. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मित्र म्हणतो दाढी काढून जा."

त्या क्षणभर वाटण्यावरच आधी बोलते, कारण सगळी गोची तिथेच आहे. तो माणूस तुमच्यासारखा दिसणारच हो, सॉफ्टवेअरचं कामच ते आहे, लाखो फोटोंतून सगळ्यात सारखा दिसणारा चेहरा शोधायचा. खरा चोर त्या डेटाबेसमध्ये नसला तरी ते बहुतेक वेळा हात हलवत परत येत नाही, जो सगळ्यात जवळचा सापडेल त्याला पुढे करतं. मग तपास अधिकारी दोन फोटो शेजारी ठेवून बघतो आणि त्यालाही वाटतं हाच तो, आणि कागदावर येतं की मशीनने सांगितलं आणि आम्हीही खात्री केली. ही खात्री नाहीये, एकाच चुकीवर दोनदा शिक्का मारलाय.

आणि ८४ टक्के म्हणजे शंभरातले ८४ चान्स तुम्हीच असण्याचे, असं अजिबात नाही. तो फक्त दोन चित्रांच्या सारखेपणाचा आकडा आहे, आणि किती आकड्याला जुळलं म्हणायचं ते वापरणारा ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं की ८० टक्क्यांच्या वर गेलं की ते जुळलं असं धरतात. आता हिशोब करून बघा, समजा डेटाबेसमध्ये १० लाख चेहरे आहेत आणि सॉफ्टवेअर हजारात एकदाच चुकतं, तरी हजार निर्दोष माणसं जुळतात. त्या हजारांतले एक तुम्ही.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला जानेवारी २०२० मध्ये त्याच्या घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या डोळ्यांदेखत बेड्या घातल्या, घड्याळांच्या चोरीसाठी. साधारण ३० तास आत ठेवलं. मशीनने त्याचा जुना लायसन्सचा फोटो काढून दिला होता, आणि नंतर तो ओळखला कोणी, तर जिने चोरी होताना पाहिलीच नव्हती, फक्त फुटेज बघितलं होतं. त्याने फुटेजमधला फोटो स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवला तेव्हा पोलिसांच्या लक्षात आलं. त्याने केलेल्या दाव्यात जून २०२४ मध्ये तडजोड झाली आणि डेट्रॉइट पोलिसांनी मान्य केलं की नुसत्या या सॉफ्टवेअरच्या भरवशावर यापुढे अटक नाही. मला त्यातली ओळखणाऱ्या बाईची गोष्ट जास्त छळते, कारण मशीनची चूक माणसाच्या तोंडून वदवली की ती साक्ष होऊन जाते.

म्हणून तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात आधी हे हवंय, की त्या बाईंना तुमचा फोटो दाखवलाय का, आणि कधी. ओळखपरेडच्या आधी दाखवला असेल तर त्या परेडमध्ये फारसा दम राहत नाही, कारण बाई फोटोतला माणूस ओळखतील, चोर नाही. वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याला आत्ताच लेखी द्या की फोटो दाखवला असल्यास तशी नोंद करा, आणि पोच घ्या. ओळखपरेड हा तसाही स्वतंत्र पुरावा नाही, कोर्टात समोर येऊन ओळखणं हा पुरावा, पण बऱ्याच केसेस ओळखपरेडलाच बिघडतात.

आता नोटीस. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट केलंय की बीएनएसएस (म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३५ ची, चौकशीला हजर राहा सांगणारी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती कायदेशीर बजावणी होत नाही. पण म्हणून गप्प बसू नका प्लीज. लेखी उत्तर द्या, मी सहकार्याला तयार आहे, रीतसर नोटीस द्या, आणि ती आली की वकील घेऊन वेळेवर हजर राहा. चेन ओढण्याचं कलम बीएनएस (नवी दंडसंहिता) ३०४, शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं, त्यामुळे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल (२०१४) लागू होतो, आणि नोटीस पाळणाऱ्याला लेखी कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेला नाहीत तर ते संरक्षण तुम्हीच घालवाल. तरी धाकधूक असेल तर बीएनएसएस कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करून ठेवू. पोलिसांनी जबाब घेतला तर त्यावर सही करायची नसते, त्याच कायद्याचं कलम १८१ तेच सांगतं, आणि कोऱ्या कागदावर तर कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

पण पोलीस स्टेशनच्या आधी ऑफिस! तीन आठवडे होऊन गेलेत आणि बहुतेक सीसीटीव्ही काही आठवड्यांत स्वतःवरच परत रेकॉर्ड करतात. आजच्या आज एचआरला मेल टाका, त्या रात्रीचं गेटचं फुटेज, पंचिंगची नोंद आणि तुमच्या लॉगिनचा रेकॉर्ड जपून ठेवा म्हणून, तारीख वेळ घालून. फुटेज मिळालं तर बीएसए (नवा पुरावा कायदा) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, नाहीतर कोर्ट ते पुराव्यात घेणार नाही, आणि हो, हीच अट पोलिसांच्या फुटेजलाही आहे. मोबाईल कंपनीला सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा रेकॉर्ड, किमान दोन वर्षं ठेवावा लागतो त्यामुळे तो कुठे जात नाही, पण त्यातून फोन कुठे होता एवढंच कळतं, म्हणून पंचिंग आणि चेहरा दिसणारं फुटेज जास्त मोलाचं.

तुमचा फोटो त्यांच्याकडे आला कुठून, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, २०२३ मधली कॉलेजची मारामारी, त्यात तुम्ही निर्दोष सुटलात. हे महत्त्वाचं आहे. तो फोटो २०२२ च्या क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन कायद्याखाली घेतला असेल तर पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाचा रेकॉर्ड, निर्दोष सुटल्यावर आणि अपिलाचे मार्ग संपल्यावर, नष्ट करायचा असतो, कोर्टाने वेगळं काही सांगितलं नसेल तर. त्या निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, त्यासाठी वेगळा अर्ज करू.

आणि दाढी काढू नका. नोटिशीनंतर चेहरा बदलला की सरकारी वकील तेवढंच धरून बसतील. उलट त्या रात्रीच्या आसपासचे तुमचे तारीख असलेले फोटो काढून ठेवा, ऑफिसातले असतील तर उत्तम. फुटेजमधल्या माणसाची कानाची पाळी गालाला चिकटलेली दिसते आणि माझी सुटी आहे असं तुम्ही लिहिलंय ना, तर दोन्ही कानांचे जवळून, उजेडात फोटो काढा आणि मूळ फाइल्स फोनमध्येच राहू द्या, मला व्हॉट्सॲप केलेल्या कॉपीवर भागणार नाही.