सामना हरत असताना मूल कुठे बसलेले असते?

मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जवळ आली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक तक्रार हटकून येते. "पूर्वी आम्ही सगळे एकत्र बसून विश्वचषक पाहायचो, ऑलिंपिक पाहायचो; आता मुलं खोलीचं दार लावून मोबाइलवर बसतात. घराला धरून ठेवणारी एक गोष्ट होती, तीही सुटली." या तक्रारीमागचे दुःख खरे असते आणि मी ते कधीही हलके मानत नाही. मात्र मोबाइल हे त्याचे मूळ कारण आहे, असे मला फार क्वचित आढळले आहे. बहुतेक घरांत मूल आधी टीव्हीसमोरून उठलेले असते आणि मोबाइल त्यानंतर हातात आलेला असतो. ते नेमके कधी उठले, हे विचारायचे मात्र राहून जाते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून अशाच एका कुटुंबाची हकीकत येथे सांगते.

२०२४ च्या सुरुवातीला एक गृहस्थ पत्नी आणि तेरा वर्षांच्या मुलासह माझ्याकडे आले. फुटबॉलचा विश्वचषक एकत्र पाहण्याची परंपरा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली होती आणि घराचा संघ अर्जेंटिना, हेही तेव्हाच ठरून गेले होते. वडील आता हयात नव्हते. वर्षभरापासून मुलगा कोणताही सामना पाहायला बसत नव्हता आणि हा आजोबांच्या आठवणीचा अनादर आहे, असे गृहस्थांच्या मनाने घेतले होते. मुलगा पूर्ण तासभर गप्प होता. आई एकच वाक्य बोलली: "सामना सुरू असला की मी घरात पाऊल न वाजवता वावरते." ते वाक्य मी लिहून ठेवले.

पुढच्या भेटींत मी बापलेकांना स्वतंत्रपणे एकच प्रश्न विचारला: तुम्ही एकत्र पाहिलेला सर्वांत आनंदाचा सामना कोणता? वडिलांना विचार करावाच लागला नाही. १८ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, विश्वचषकाची अंतिम लढत. ३६ वर्षांनी चषक परत आला होता आणि सारे घर नाचले होते. मुलगा मात्र बराच वेळ थांबून म्हणाला, "तो सामना बाबांना आवडतो. मी तो पूर्ण पाहिलेला नाही."

अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास मुलगा पाणी प्यायला उठला आणि नेमकी त्याच वेळी फ्रान्सला पेनल्टी मिळाली. तो परत येऊन बसतो न बसतो तोच एम्बापेने दुसरा गोल केला. दोन्ही गोल अवघ्या ९७ सेकंदांत झाले. वडील ओरडले, "जागा सोडू नकोस म्हणून सांगितलं होतं ना? आता आतच थांब." अकरा वर्षांचा मुलगा आत गेला. जादा वेळेत मेस्सीने आघाडी मिळवून दिली, ११८ व्या मिनिटाला पुन्हा बरोबरी झाली आणि अखेर पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४–२ अशी जिंकली.

मी मुलाला म्हणाले, "हे बघ, तू आत असतानाही फ्रान्सचा तिसरा गोल झालाच की."

तो खाली मान घालून म्हणाला, "तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होतो."

इतकी वर्षे हे काम करूनही त्या वाक्यानंतर मला लगेच बोलता आले नाही.

मी त्याला स्किनर यांच्या कबुतरांविषयी सांगितले. १९४८ साली या मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक अंतराने दाणे मिळतील अशी व्यवस्था केली होती. थोड्याच काळात एक कबुतर गिरक्या घेऊ लागले, दुसरे मान झुलवू लागले, जणू त्यांच्या हालचालींमुळेच दाणे येत होते. मुलाला गोष्ट आवडली, पटलीही; पण त्याच्या मनावरचा भार काही उतरला नाही. तेव्हा मला जे उमगले, ते मी आजही प्रत्येक पालकाला सांगते: दोष ज्याने दिला त्यानेच तो परत घ्यावा लागतो, तिसऱ्याच्या तर्काने तो जात नाही.

म्हणून मी वडिलांना त्यांच्या पहिल्या विश्वचषकाविषयी विचारले. तो १९८६ चा अंतिम सामना होता आणि ते तेव्हा आठ वर्षांचे होते. मॅराडोनाबद्दल ते भरभरून बोलत राहिले. मी मध्येच विचारले, "त्या सामन्यातही अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती आणि शेवटी शेवटी पश्चिम जर्मनीने बरोबरी साधली होती. त्या वेळी तुमच्या वडिलांनी काय केलं?"

ते थांबले. "बाबांनी मला जवळ ओढून घेतलं," ते म्हणाले. "एरवी ते कधी जवळ घेत नसत. बुरुचागाचा विजयी गोल होईपर्यंत मी त्यांना टेकूनच बसलो होतो."

"आणि २०२२ मध्ये बरोबरी झाली, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मला पुढे काही सांगावे लागले नाही. परंपरा म्हणून ते संघ जपत आले होते, जर्सी जपत आले होते, बसण्याच्या जागासुद्धा जपत आले होते. पण वडिलांनी खरोखर जे दिले होते, ते जवळ ओढून घेणे त्यांच्या हातून निसटले होते. पुढच्या भेटीत, मी काही न सुचवता, ते मुलाला म्हणाले, "तो गोल तुझ्यामुळे झाला नव्हता. मी घाबरलो होतो आणि तुला बाहेर काढलं. माझं चुकलं." मुलाने उत्तर दिले नाही, पण खुर्ची थोडी जवळ सरकवली.

मी कुटुंबाकडे एक वीण म्हणून पाहते. कोपऱ्यातला एक धागा सुटला की ताण कुठे पडला होता, ते साऱ्या विणीत शोधावे लागते. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी 'आपण जिंकलो' असे म्हणतात आणि हरला की 'ते हरले' असे म्हणण्याकडे त्यांचा कल असतो. घराच्या बाबतीत मी यात भर घालीन: हरताना 'आपण' आकसते आणि घरातले सर्वांत लहान माणूस आधी त्याच्या बाहेर पडते. म्हणून पालकांनी जिंकलेल्या रात्री आठवण्यापेक्षा हरत असतानाची मिनिटे आठवावीत. तेव्हा कोण कुणावर ओरडते, कोण आवाज न करता वावरते, कुणाला उठायची परवानगी नसते? 'तू आलास आणि विकेट पडली' हे वाक्य मोठ्यांसाठी गंमत असते, पण लहान मुलाला आपल्या मनातल्या गोष्टींनीही जग हलते असे वाटत असते, त्यामुळे ते खरे धरून बसते. मुलाला अर्धाच सामना पाहायचा असेल तर पाहू द्यावा आणि त्याच्या हजेरीला प्रेमाचा पुरावा मानू नये. एखादी स्पर्धा त्यालाही निवडू द्यावी, म्हणजे कधीतरी जाणकाराची जागा त्याला मिळेल आणि तुम्हाला प्रश्न विचारण्याची.

या घरात ते सहज जमले, कारण दार लावून मुलगा मोबाइलवर काय पाहतो हे वडिलांनी प्रथमच विचारले. तो भिंतीवर चढण्याच्या शर्यती पाहत होता, म्हणजे खेळ त्याने सोडलेला नव्हताच. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमधील वेगवान आरोहणाची पुरुषांची अंतिम फेरी तिघांनी मिळून पाहिली. भिंत पंधरा मीटर उंच असते आणि जगभर सर्वत्र तिच्यावरच्या पकडींची मांडणी एकच असते, हे मुलाने आईवडिलांना समजावून सांगितले. कांस्यपदकाची शर्यत सुरू व्हायच्या वेळी वडील चष्मा आणायला उठले आणि परत येईपर्यंत सॅम वॉटसन ४.७४ सेकंदांत वर पोहोचलाही होता.

हे मला वडिलांनीच दूरध्वनीवर सांगितले. खोलीत आल्यावर ते ओशाळून दारातच उभे राहिले, तेव्हा मुलगा बाजूला सरकून त्यांना जागा करून देत म्हणाला, "बसा बाबा. तुम्ही उठलात आणि विश्वविक्रम झाला."