ख्रिस्ती शिक्षिकेने सगळ्या धर्मांची मुलं असलेल्या वर्गात आपली श्रद्धा कितपत दाखवावी?

गळ्यातला क्रूस काढू नका. मीही ख्रिस्ती आहे, वसईकडच्या एका अनुदानित शाळेत बरीच वर्षं शिकवते. क्रूस कधी झाकला नाही. राज्यघटनेचं कलम 25 तो हक्क आपल्याला देतं. पण कलम 28 सुद्धा वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देताच येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. मिशनच्या शाळाही यातून सुटत नाहीत.

मुलांनी विचारलं तर मात्र खरं उत्तर द्या. चौथीतल्या एका मुलीने डबा खाताना विचारलं होतं, "बाई, तुमच्या देवाला खिळे ठोकलेत, दुखत नाही का त्याला?" म्हटलं, "खूप दुखलं गं. आम्ही मानतो, की त्याने ते सगळ्यांसाठी सोसलं." यातलं 'आम्ही मानतो' मी कधीच गाळत नाही. आपल्या एका शाबासकीसाठी धडपडणारं लेकरू असतं समोर. 'तूही मान' एवढं नुसतं सुचवलं तरी त्याला नाही म्हणता येत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री मी वर्गासाठी प्रार्थना करते. घरी, हजेरीच्या क्रमाने, एकेकाचं नाव घेऊन.