बैल एकच, नावं दोन: डेटा टेबलबद्दल तुमचे प्रश्न

दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमधून विचारलंय: कापसाच्या आवकेचं टेबल 30 लाख ओळींचं, 20 कॉलमचं. आर या आकडेमोडीच्या भाषेत ओलाव्याची कपात लावली की 4 जीबीचा लॅपटॉप लटकते. रॅम वाढवू का?

रॅमवर पैसे घालायच्या आधी हिशेब पाहा. एका आकड्याला 8 बाइट, म्हणजे अख्खं टेबल 480 एमबी, एवढं तर लॅपटॉप आरामात सांभाळते. पण तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये कुठं सॉर्ट करून आवक1, कुठं फिल्टर करून आवक2, अशी पाच टेबलं झालीत आणि जुनं एकही काढलं नाही, मग रॅम भरणारच ना. डेटा.टेबल पॅकेज घ्या, सेटडीटी लावा (टेबल कॉपी न होता डेटा.टेबल बनते), सॉर्टला सेटऑर्डर, आणि कपात जागच्या जागी, := या चिन्हानं, ते नवीन टेबल न बनवता त्याच टेबलात बदल करते:

आवक[, कपात := 0]
आवक[ओलावा > 8, कपात := ओलावा - 8]

पहिली ओळ विसरू नका, नाहीतर कोरड्या कापसापुढं शून्याऐवजी एनए, म्हणजे आकडाच नाही, असं येते आणि बेरीजही एनए होऊन बसते.

दर्यापूरच्या ताई: काम सुरू करायच्या आधी जुनं <- तूर असा बॅकअप ठेवला होता. तूरमध्ये भाव बदलले तर जुनंमध्येही बदलले! मूळ भाव गेले का?

ताई, मूळ सीएसव्ही फाइल असंल तर डेटा.टेबलच्याच एफरीडनं परत वाचून घ्या, रॅममधले मात्र गेले. झालं काय, तुम्ही बॅकअप घेतलाच नव्हता. गोठ्यात बैल एकच, तुम्ही सर्जा म्हणता अन् पोरं राजा म्हणतात, म्हणून काही बैलजोडी होत नाही. त्या बाणानं फक्त दुसरं नाव दिलं, आणि := तर थेट बैलालाच रंग लावते. खरा बॅकअप पाह्यजे तर जुनं <- कॉपी(तूर), इथं रॅम खर्च झाली तरी ती वाया नाही. हेच फंक्शनमध्येही होते, आत := केलं की बाहेरचं टेबल बदलते, आणि हे मला लय महत्त्वाचं वाटते कारण एरर काहीच येत नाही, आकडे गुपचूप बदलतात. कॉलमची नावं नेम्स या फंक्शननं काढून ठेवली अन् मग := नं कॉलम वाढवला तर त्या यादीतही नवीन नाव घुसते, तिथंही कॉपी लावा.

वरुडहून: पायथन भाषेच्या पांडाज या टेबलांच्या पॅकेजमध्ये इनप्लेस=ट्रू लिहिलं की कॉपी टळते ना?

बहुतेक वेळा नाही. आत कॉपी होतेच, फक्त ती तुम्हाला दिसत नाही. पांडाज 3 पासून कॉपी-ऑन-राइट कायमचं चालू आहे, म्हणजे बदल करेपर्यंत कॉपी लांबवली जाते, आणि दोन कंसांची साखळी लावून (एका कंसात कॉलम, दुसऱ्यात ओळ) केलेला बदल मूळ टेबलात पोचतच नाही. त्यापेक्षा .loc च्या एकाच कंसात ओळ आणि कॉलम दोन्ही द्या.

हिंगणघाटहून: := नं ओळी खोडता येतात का?

कॉलम खोडता येतो, := नं त्याला NULL (म्हणजे काहीच नाही) द्या की गेला. ओळी नाही, त्या गाळल्या की नवीन टेबलच बनते, म्हणून नको ते कॉलम आधी काढा आणि ओळी मग गाळा, कॉपी तेवढी लहान होते.