शेजारी दुसरी दीर्घिका नसताना बटू (अगदी लहान) दीर्घिकेत अचानक एवढे तारे का जन्मतात?

शेजारी कोणी नाही, हे आधी कशावरून ठरवलंत? दृश्य प्रकाशातल्या फोटोवरून ठरवलं असेल तर माझं जुनं भांडण इथूनच सुरू होतं.

डीडीओ 68 ही बटू दीर्घिका बघा. लिंक्स-कर्क पोकळीतली, म्हणजे अगदी ओसाड भागातली. 2014 मध्ये 21 सेंमी लहरींवर, म्हणजे हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरींवर, तिच्याजवळ वायूने भरलेली सोबतीण सापडली, आणि दोघींमध्ये वायूचा पुसट पूलही. फोटोत ती दिसली नव्हती, कारण नेमका आपल्याच आकाशगंगेतला एक ठळक तारा तिच्या आड येतो. फोटोवाल्यांची 'एकाकी' ही अशी असते.

रेडिओतही चूक होतेच म्हणा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 30 अँटेना आहेत, अंतरं शंभरेक मीटरपासून 25 किमीपर्यंत. लांबच्या जोड्यांना जास्त वजन दिलं की काही विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सुबक चित्र मिळतं, पण पसरलेला पूल गोंगाटात बुडतो. त्याच डेटाला टेपर लावून, म्हणजे लांबच्या जोड्यांचं वजन कमी करून, 40 विकलांचं चित्रही काढा, तिथे तो वर येतो. वेगाचे चॅनल, म्हणजे वायूचा वेग मोजायचे कप्पे, दीड-दोन किमी/सेकंदाचे ठेवा. वायूची स्वतःची खळबळच 8-10 किमी/सेकंद असते, वीसचे चॅनल घेतले तर बटू दीर्घिकेचं फिरणं त्यात विरघळून जातं.

दुसरं, ताऱ्यांच्या जन्माचा हा उद्रेक खरा आहे का? एच-आल्फा, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश, गेल्या साधारण 1 कोटी वर्षांतला जन्मदर सांगतो, अतिनील प्रकाश 10 कोटी वर्षांतला. वर्षाला सूर्याच्या हजारांश वस्तुमानाहून कमी तारे बनत असतील तर अवजड तारे मोजकेच असतात. एक मेला की एच-आल्फा कोसळतो, एक जन्मला की 'उद्रेक'! दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.

आता तुमचा प्रश्न. शेजारी नसला तरी चालतं, कारण बटू दीर्घिकेचं गुरुत्व दुबळं असतं: तारे बनतात, अतिनवतारे (स्फोट होऊन मरणारे अवजड तारे) वायू बाहेर ढकलतात, निर्मिती मंदावते, वायू थंड होऊन परत पडतो, पुन्हा पेट घेतो. पोकळीतला वायू उशिरा आत ओघळला तरी तसंच होतं.

आणि हो, सगळ्याच काही फसव्या नसतात. सिंह-ए ही बटू दीर्घिका खरोखर एकटी आहे, आणि तिचे बहुतेक तारे उशिराच जन्मले. तिथे मी शेजारी शोधत बसणार नाही.