आंघोळीनंतरची चक्कर आणि काचा लावलेली बाल्कनी

प्रश्न : आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. पाइपचा गॅस आल्यावर आम्ही गॅस गिझर घेतला आणि बाथरूमला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत बसवला. गेल्या पावसाळ्यात पाणी आत येते म्हणून त्या बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या. या हिवाळ्यात सासूबाईंना आंघोळीनंतर दोनदा चक्कर आली, डोके दुखले, मळमळले. रक्तदाब ठीक होता. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 98 दिसला. गॅसचा वास कधीच येत नाही. गिझरची सर्व्हिसिंग करून घेतली म्हणजे पुरे होईल का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही, पुरे होणार नाही. गिझर आजपासून बंद ठेवा, आणि सासूबाईंना डॉक्टरांकडे नेताना घरात गॅस गिझर आहे हे स्वतःहून सांगा. तसे सांगितले नाही, तर ही लक्षणे अशक्तपणाच्या किंवा पित्ताच्या खाती जमा होतात.

पाइपच्या गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. मला येथे शंका येते ती गळतीची नसून जळणाऱ्या गॅसची आहे. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या साध्या यंत्राला या दोहोंतील फरक ओळखता येत नसल्यामुळे ते 98 हाच आकडा दाखवत राहते. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते, पण मोकळ्या हवेत साधारण चार-पाच तासांत हा वायू निम्मा निघून जातो, म्हणून त्रास झाल्याबरोबर रुग्णालय गाठणे महत्त्वाचे आहे.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ बाल्कनीला काचा लावल्याची आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गॅस गिझरना धुराडे नसते. जळलेला वायू वरच्या फटींतून तेथेच बाहेर पडतो. बाल्कनी उघडी होती तोवर तो वाऱ्यावर निघून जात होता. आता थंडीत काचा बंद, बाथरूमची खिडकी त्याच बाल्कनीत उघडणारी, आणि त्यात बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा सुरू असेल, तर तो बाल्कनीतली हीच हवा आंघोळ करणाऱ्याकडे ओढून घेतो. शिवाय त्या कोंडलेल्या जागेतला ऑक्सिजन जसजसा कमी होतो, तसतशी ज्योत अधिकच अपुरी जळते. गिझर कितीही स्वच्छ असला तरी हे टळत नाही. म्हणून एक तर त्या काचा कायमच्या काढाव्यात किंवा विजेचा गिझर घ्यावा. घरात वयस्कर माणूस आहे, तेव्हा मी विजेचा गिझरच निवडेन.

सर्व्हिसिंग निरर्थक आहे असे मात्र नाही. बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्याची जाळी बसतात, वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी साचते, आणि मग वायूला वाट उरत नाही. वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडून हे साफ करून घ्यावे. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी दिसली किंवा गिझरवर काळे डाग उमटले, तर पुन्हा पेटवू नये. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, वेगळे असतात; तुमच्या गिझरला पाइपच्या गॅसचेच आहेत ना, हेही तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो, तो जरूर लावा. फक्त गॅसगळतीचा अलार्म या कामाचा नाही, हे खरेदी करताना लक्षात ठेवा.

बाथरूमला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी याच आठवड्यात बसवून घ्या. आत कोणी हाकेला ओ देत नसेल, तर दार-खिडक्या उघडून, गॅस बंद करून त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणा, 108 वर फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरांना गिझर सुरू होता हे पहिल्याच वाक्यात सांगा.