साक्याच्या वजनावरून द्रावणाची संहती

प्रश्न : दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकले आणि आता बेळगावात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात आम्हांला सोडियम सल्फेटचे ५० मिलिलिटर द्रावण दिले होते. त्यात बेरियम क्लोराइडचे ५० मिलिलिटर द्रावण घातले आणि तयार झालेला पांढरा साका गाळून, धुऊन, तापवून तोलला, तेव्हा तो ०.५८३ ग्रॅम भरला. त्यावरून मी मूळ द्रावणाची संहती, म्हणजे दर लिटरमागे विरघळलेले मोल, ०.०२५ मोलर काढली. सरांनी मात्र ०.०५ मोलर हे बरोबर उत्तर असल्याचे सांगितले. माझे कुठे चुकले? शिवाय तेच द्रावण घेऊनही माझ्या मैत्रिणीचा साका ०.६०१ ग्रॅम कसा भरला?
एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुमचे उत्तर बरोबर निम्मे आले आहे, आणि चूक शोधायला एवढा धागा पुरेसा आहे. साका बेरियम सल्फेटचा आहे. बेरियमचे १३७.३, गंधकाचे ३२.१ आणि ऑक्सिजनच्या चार अणूंचे ६४ मिळून त्याचे मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे वस्तुमान, २३३.४ ग्रॅम होते. ०.५८३ ला २३३.४ ने भागले की ०.००२५ मोल मिळतात. बेरियम सल्फेटच्या एका मोलमध्ये सल्फेटचा एकच मोल असतो आणि सोडियम सल्फेटमध्येही तेवढाच असतो, म्हणून तुम्हांला दिलेल्या द्रावणात सोडियम सल्फेटही ०.००२५ मोलच होते. येथपर्यंत तुमचे सगळे बरोबर आहे.

चूक पुढच्या भागाकारात आहे. हे मोल तुम्ही चंचुपात्रातील एकूण १०० मिलिलिटरवर वाटले. परंतु ते सगळे आले ते तुम्हांला दिलेल्या ५० मिलिलिटरमधून, म्हणून ०.००२५ ला ०.०५० लिटरने भागायला हवे, म्हणजे ०.०५ मोलर हे उत्तर मिळते. बेरियम क्लोराइड ५० ऐवजी ८० मिलिलिटर ओतले असते, तरी साका तेवढाच पडला असता. तुमच्या रीतीने मात्र उत्तर ०.०१९ वर घसरले असते. बाटलीतील द्रावणाची संहती आपण नंतर त्यात किती ओतले यावर ठरू शकत नाही, हे एकदा मनात पक्के बसले की ही चूक पुन्हा होत नाही.

मात्र बेरियम क्लोराइड गरजेपेक्षा थोडे जादा असलेच पाहिजे. ते कमी पडले तर काही सल्फेट द्रावणातच राहते आणि साका सल्फेटचे नव्हे, तर बेरियमचे माप सांगू लागतो. साका खाली बसल्यावर वरच्या नितळ पाण्यात बेरियम क्लोराइडचा एक थेंब सोडून पाहावा. नवा गढूळपणा आला नाही, तर पुरेसे झाले असे समजावे. आणि मोलचे प्रमाण दर वेळी एकास एक असेल असेही धरू नये. कॅल्शियम क्लोराइडच्या २५ मिलिलिटर द्रावणातून सिल्व्हर क्लोराइडचा ०.७१७ ग्रॅम साका मिळाला, तर १४३.३ ने भागून येणारे ०.००५ मोल क्लोराइडचे असतात. कॅल्शियम क्लोराइडचे त्याच्या निम्मे, म्हणजे ०.००२५ मोल, आणि संहती ०.१ मोलर.

आता मैत्रिणीच्या साक्याकडे वळू. तिचे वजन १८ मिलिग्रॅमने, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांनी जास्त आहे आणि त्यामुळे तिचे उत्तर ०.०५१५ मोलर येईल. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा वजन वाढले ते बाहेरचे काहीतरी सोबत आल्यामुळेच. माझा पहिला संशय ओलाव्यावर आहे. आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या पट्ट्यात, पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भट्टीतून काढलेली साक्याची मूस उघड्यावर निवत ठेवली, तर ती तराजूवर जाईपर्यंत ओल धरते. एका जुलैमध्ये मी स्वतः अशी मूस टेबलावर ठेवून तोलली होती आणि दर पाच मिनिटांनी आकडा वर सरकताना पाहिला होता. मूस डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यातच, निववावी आणि पूर्ण निवल्याशिवाय तोलू नये.

दुसरा संशय घाईवर आहे. बेरियम क्लोराइड थंड द्रावणात एकदम ओतले की साका अगदी बारीक पडतो, चुन्याच्या निवळीत फुंकल्यावर येतो तसा दुधट. काही गाळणकागदातून निसटतो आणि उरलेला आपल्या कणांत बेरियम क्लोराइड धरून ठेवतो. म्हणून सल्फेटच्या द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते उकळीच्या जवळ आणावे, बेरियम क्लोराइड ढवळत थेंबाथेंबाने सोडावे आणि कण मोठे होण्यासाठी चंचुपात्र तासभर तरी गरम राहू द्यावे. नंतर साका गरम पाण्याने, धुवणाच्या थेंबाला सिल्व्हर नायट्रेटने दुधट छटा येईनाशी होईपर्यंत धुवावा.

मैत्रिणीने तिची मूस जपून ठेवली असेल, तर ती पुन्हा तापवून, डेसिकेटरमध्ये निववून तोलावी, आणि लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत हे करत राहावे. वजन उतरून ०.५८३ च्या आसपास थांबले, तर दोष ओलाव्याचा होता, ०.६०१ वरच राहिले, तर धुणे अपुरे झाले होते किंवा बेरियम क्लोराइड घाईने ओतले गेले होते, आणि मग प्रयोग नव्या ५० मिलिलिटरपासून पुन्हा करावा लागेल.